तेलाने न जाणारे ठिपके

तो जहाजाच्या शिडीवरून उतरला, दोन पावलं चालला आणि थेट लास्त्रीच्या पायांवर कोसळला.

लास्त्रीच्या हातातली तापमापी धक्क्याच्या फरशीवर पडली. आजच्या सरावात आजारी खलाशी व्हायचं होतं ते कचेरीतल्या सुपार्दीला. हा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तोंडाला फेस, दंडांवर लाल ठिपके, डोळे पांढरे. तिने गुडघे टेकले.

"अहो... अहो, ऐकू येतंय का? नाव काय तुमचं?"

त्याने एक डोळा उघडला.

"बेक्ती. पण आधी तो गुडघा माझ्या पोटावरून काढा, निंग. मला अजून थोडं मरायचंय." तिकडे तरुण मुलीला 'निंग' म्हणून हाक मारतात.

धक्क्यावर हशा पिकला. हार्सोनो साहेब, म्हणजे बंदराच्या आरोग्य कचेरीचे प्रमुख, पोट धरून हसत होते. सुपार्दीला मरताना हसू फुटतं, म्हणून त्यांनी मासळी बाजारामागे मुक्कामाला आलेल्या, लुद्रुक हे लोकनाट्य करणाऱ्या मंडळीतला नट आणला होता.

"मला सांगायचं तरी!" लास्त्री लालबुंद झाली.

"साहेब म्हणाले, न सांगता बघू नर्सबाई काय करतात."

"मग? काय केलं मी?"

"घाबरलात," बेक्ती उठून कपडे झटकत म्हणाला. "फार छान घाबरलात. आमच्या मंडळीत इतकं चांगलं घाबरणारं कोणी नाही."

मादुरा बेटासमोरचं ते लहानसं बंदर. चारी दिशांची जहाजं तिथे लागत. एखाद्या जहाजातून परमुलखातला साथीचा रोग उतरला तर काय करायचं, याची आखणी कचेरीने वर्षभर केली होती. आठवड्याच्या शेवटी मोठा सराव होता, प्रांताचे पाहुणे येणार होते. त्याआधी रोज रंगीत तालीम.

सरावाचा एक नियम फार कडक होता. बिनतारी यंत्रावर बोलायचं तर आधी "सराव, सराव" म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. मागे एकदा कुणीतरी हे शब्द विसरला होता आणि ते ऐकून अख्खा मासळी बाजार टोपल्या टाकून पळाला होता. खरोखरच काही घडलं तर "हा सराव नाही" असं तीनदा म्हणायचं. साहेबांनी हे सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं.

रोज बेक्ती मरायचा. रोज लास्त्री त्याला तंबूत नेऊन ठरलेले प्रश्न विचारायची.

"ताप आहे का?"

"तुम्ही आलात की चढतो."

"अंग दुखतं?"

"तुम्ही गेलात की."

"अहो, मला हे कागदावर लिहायचंय!"

"लिहा ना. मी कुठं नको म्हणतोय?"

बाकीच्या नर्सा तोंडावर हात धरून खिदळायच्या. लास्त्री भुवया चढवायची... पण दुसऱ्या दिवशी कामावर येताना केसात मोगरा कसा आला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तालीम संपली की तो रंग उतरवत बसे. रंगाचे ठिपके पाण्याने जात नसत, खोबरेल तेलच लागे. ती आरसा धरून समोर उभी राहायची.

"नाटकात काय करता तुम्ही?"

"रडतो. बायकांची कामं करतो मी. मी रडलो की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या तेंपेच्या तळलेल्या वड्या खायच्या थांबतात."

"म्हणजे खोटं रडण्यात पटाईत."

"रडणं खोटं नसतं, निंग. कारण तेवढं खोटं असतं."

"आणि प्रत्येक बंदरात एक निंग असेल. तिच्यापुढेही हीच भाषणं."

ती हसत म्हणाली होती. तो मात्र हसला नाही. बराच वेळ एकाच ठिपक्यावर तेल चोळत राहिला.

त्यानंतर दोन दिवस तो तालमीला आलाच नाही. घसा बसलाय, असा निरोप आला. लास्त्रीला उगाच राग आला. लागलं असेल मनाला, तर लागू दे... नटाचं मन, त्याला काय लागतं!

मोठ्या सरावाच्या दिवशी मात्र तो हजर होता. कडक ऊन, खारा वारा, मांडवात पाहुणे. बेक्ती शिडीवरून उतरला आणि या वेळी कोसळला नाही. हळूच खाली बसला, कलंडला, गप्प पडून राहिला. पाहुण्यांमधली एक बाई आपसूक उभी राहिली. "काय काम करतो हो हा!" कुणीतरी म्हणालं.

तंबूत लास्त्रीने मनगट धरलं. हात गार होता. बर्फात बुडवून आलाय, तिला वाटलं. कामासाठी किती खटाटोप!

"ताप आहे का?"

"नाही. काल उतरला."

हे उत्तर ठरलेलं नव्हतं. मनानेच वाक्यं घालतोय, असं वाटून ती पुढे गेली.

"अंग दुखतं?"

त्याने नुसते डोळे मिटून घेतले.

टाळ्या झाल्या, फोटो झाले. पाहुणे निघून गेले आणि बाकीचे सगळे गोदामात जेवणाची खोकी उघडून बसले. लास्त्री तेलाची बाटली घेऊन तंबूत परतली, तर तो अजून तसाच पडलेला.

"उठा की. नाटक संपलं."

"उठतो... जरा पोटात दुखतंय."

"बरं, मीच पुसते. लाड चाललेत नुसते."

तिने कापूस तेलात बुडवला. उजव्या दंडावरचे ठिपके एकदा पुसताच साफ निघाले. मग तिने डावा हात ओढून घेतला. इथले ठिपके बारीक होते, टाचणीच्या टोकाएवढे. तिने पुसलं. गेले नाहीत. जोरात पुसलं, पुन्हा तेल घेतलं, पुन्हा घासलं. कातडी लाल झाली, ठिपके होते तिथेच राहिले.

"हे कशानं रंगवलेत?"

"डावा हात..." त्याचा आवाज कसाबसा बाहेर आला. "डावा हात मी रंगवलाच नाही, निंग. ताकद नव्हती."

कापूस तिच्या हातातून गळून पडला.

डेंगी. त्या गावात हा रोग ठाऊक नाही असं घर नव्हतं. ताप उतरला की माणसाला वाटतं, सुटलो. आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. हात गार पडतात, पोट दुखतं, आतल्या आत शिरांमधलं पाणी झिरपून जातं. तिला हे सगळं पाठ होतं. त्याने एकेक लक्षण तिच्यासमोर ठेवलं होतं आणि ती त्याच्या अभिनयाचं कौतुक करत बसली होती.

तिने यंत्र तोंडाशी धरलं.

"सराव, सराव! रोगी गंभीर आहे, गाडी तंबूपाशी पाठवा. लगेच!"

खरखर झाली. मग रुग्णगाडीचे चालक गातोत काका घास चावत बोलले, "वा, निंग! पण पाहुणे गेले की गं, आता कुणाला दाखवतेस? जेवून येतो."

"सराव, सराव! काका, त्याला डेंगी आहे, हात गार पडलेत!"

"लास्त्री," आता साहेबांचा आवाज आला, "झालं तेवढं पुरे. छान झालं काम. जेवायला ये, मुली."

आपण कोणत्या शब्दांनी बोलतोय हे तिला तेव्हा ऐकू आलं. आठवडाभर घोकलेला शब्द तिची जीभ आपोआप उच्चारत होती. ती मदतीला हाक मारत होती आणि त्याच तोंडाने सांगत होती की येऊ नका.

"हा सराव नाही!" ती किंचाळली. "हा सराव नाही! हा सराव नाही!"

गोदामातून खुर्च्या पडल्याचा आवाज आला. गातोत काका अनवाणीच गाडीकडे धावत सुटले होते.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण आजचा दिवस आणि उद्याचा दिवस बघायचा. लास्त्री त्याच्या खाटेशी बसली. नळीतून थेंब पडत होते, ती ते बघत होती. माणूस बडबडत असतो तेव्हा आपण त्याला गप्प बस म्हणतो. तो खरोखर गप्प झाला की त्याने पुन्हा काहीही बोलावं, अगदी मूर्खासारखंही, म्हणून जीव तीळ तीळ तुटतो.

हार्सोनो साहेब आले आणि तिच्याशेजारी बाकावर बसले.

"रोग जहाजातून येईल म्हणून आपण समुद्राकडं डोळे लावून बसलो," ते म्हणाले. "नाटकवाल्यांच्या रंगपटामागं पाण्याचं पिंप होतं. आज झाकण काढून पाहिलं. अळ्या नुसत्या वळवळत होत्या."

"साहेब, चूक माझी झाली. मी सराव म्हटलं."

"तोंडात बसवलं कुणी? आम्हीच. आता खऱ्या संकटाला शब्द नको. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी देतोय. शिट्टी वाजली की हातातला घास टाकून धावायचं." ते थोडं थांबले. "आणि उद्यापासून गावातली पिंपंसुद्धा आपणच बघायची."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेक्तीचे हात ऊबदार झाले. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग उशाशी पाहिलं. डेंगीच्या रोग्याला लाल पेरूचा रस द्यायचा हे तिकडे सगळ्यांनाच ठाऊक. मंडळीतल्या प्रत्येकाने बाटली आणून ठेवली होती.

"मी जगलो," तो म्हणाला, "की पेरूच्या बागेत पुरलंय मला?"

लास्त्री हसायला गेली आणि रडायलाच लागली.

"ए... निंग, रडणं माझं काम आहे."

"घसा बसलाय म्हणून निरोप का पाठवलास? ताप आहे म्हणून का नाही सांगितलं?" ती त्याला 'अरे-तुरे' करत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"सांगितलं असतं तर सुपार्दीला मरायला लावलं असतं त्या दिवशी. मग तू त्याचं मनगट धरलं असतंस."

"मूर्ख आहेस तू."

"हो."

त्याला घरी सोडायच्या दिवशी ती त्याचं सामान बांधायला आली. मंडळी मादुराला निघाली होती, बोट दुपारची होती.

"जा मग," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "तिथल्या म्हाताऱ्या वाट बघत असतील."

"मी जात नाहीये. साहेबांनी कामावर घेतलंय. पिंपं तपासायची, आणि घरोघरी नाटक करून दाखवायचं... डासांचं. डासाच्या मादीचं काम मलाच करावं लागणार."

तिचे हात थांबले.

"आणि दुसरं असं की... तू मला आवडतेस. फार. हे कुठल्याच बंदरात म्हणालो नव्हतो."

"नट आहेस तू. मला कसं कळायचं, हे रंगवलेलं नाही म्हणून?"

बेक्तीने सामानातून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. त्याचे कान, गाल, मान, सगळं लाल झालं होतं.

"पुसून बघ, निंग."

तिने खरंच कापूस घेतला. तेलात बुडवला. त्याच्या गालावरून हळू फिरवला.

"गेलं?"

"नाही."

"नीट घास."

तिने पुन्हा फिरवला. "नाही रे जात..."

दारात गातोत काका गाडी घेऊन आले होते. गळ्यात नवी शिट्टी होती. "काय गं," ते म्हणाले, "आत यायचं, की सराव चाललाय?"

लास्त्रीने मागे वळून पाहिलं नाही.

"हा सराव नाही, काका."

काका दार ओढून घेऊन निघून गेले. बेक्ती तिच्याकडे वाकला.

"एकदा म्हणून चालत नाही, निंग. नियम तीनदाचा आहे."

उरलेल्या दोन्ही वेळा तिने त्याच्या कानात सांगितलं.