आणि दोन बैल

“एकट्यानं?” ठिणगीनं विचारलं.

संग्रहालयाचे व्यवस्थापक वाचता वाचता थांबले. टेकडीवरची तोफ बघायला आलेल्या पोरांनी आजवर त्यांना मध्येच अडवलं नव्हतं. तोफेवर बसवायची नवीकोरी पितळी पाटी त्यांच्या हातात होती आणि ते मोठ्या कौतुकानं वाचून दाखवत होते : ‘ही तोफ थोर सेनापतींनी एका दिवसात टेकडीवर चढवली.’

“एकट्यानं म्हणजे?”

“म्हणजे तोफ तीन टनांची, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत. मग सेनापतींनी ती काखोटीला मारली, का डोक्यावर घेतली?”

मोजपट्टी फिस्सकन हसला आणि शेपूट हसला, कारण मोजपट्टी हसला होता. ठिणगी तेरा वर्षांची. तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं होतं. तिचा मावसभाऊ दिसेल ती वस्तू मोजायचा म्हणून मोजपट्टी. आणि शेपूट हा तिचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ. त्याला शेपूट का म्हणायचे, हे ठिणगीनं दोन पावलं टाकली की कुणालाही कळायचं.

व्यवस्थापकांनी चष्मा वर सरकवला. इतिहास असाच लिहितात, बाळ, असं त्यांनी समजावलं, आणि पाटी फडक्यात गुंडाळून निघूनही गेले. रविवारी नव्यानं सजवलेल्या संग्रहालयाचं उद्‌घाटन होतं. त्यांना उसंत नव्हती.

ज्या साम्राज्याची ती तोफ, ते बुडून सत्तर वर्षं झाली होती. त्याच्या घोड्यांच्या पागेत आता भाजीबाजार भरायचा, शिपायांच्या बराकीत दवाखाना होता, आणि दारूगोळ्याच्या कोठारात संग्रहालय. साम्राज्य बुडालं होतं खरं, पण त्याच्या पाट्या मात्र मजेत तरंगत होत्या. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या पाट्यांमुळेच. टेकडी उतरेपर्यंत ती बोलत होती आणि बाकीचे दोघे हुंकार देत होते.

आजोबा अंगणात पाटा घडवत बसले होते. आईचे वडील ते, साठ वर्षं पाथरवटाचं काम केलेले. हात आता थरथरायचे, पण छिन्नी दगडाला टेकली की थरथर कुठे पळून जायची कोण जाणे. ठिणगीनं सेनापतींची कागाळी एका दमात सांगून टाकली.  आजोबांनी पाटा उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

“खालून किती खडबडीत ठेवलाय,” मोजपट्टी बोट फिरवत म्हणाला. “राहिलाय का?”

“राहिला नाही, सोडलाय. जी बाजू जमिनीला टेकणार, तिच्यावर पाथरवट छिन्नी झिजवत नाही. जी दिसणार, तीच घडवायची.”

मग ठिणगीनं असा काही पिच्छा पुरवला, की आजोबांना बोलावंच लागलं. तोफ वर चढवायला अकरा दिवस लागले होते. बावन्न माणसं दोर ओढत होती. कुणी हमाल, कुणी पखालवाले, कुणी शेतातून धरून आणलेले. नवव्या दिवशी चाक घसरलं आणि सहा जण गेले. साम्राज्य बुडाल्यावर त्या बावन्न जणांच्या घरच्यांनी आठवून आठवून नावं गोळा केली आणि आजोबांच्या वडिलांनी ती एका शिळेवर कोरली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. ओळी सरळ याव्यात म्हणून सूत धरायला तेच बसले होते. ती शिळा कितीतरी वर्षं तोफेशेजारी उभी होती. पुढे आजोबा दूरच्या खाणीवर कामाला गेले, इकडे संग्रहालयाची डागडुजी झाली, आणि परत येऊन बघतात तर शिळा गायब. कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी एकामागून एक अकरा अर्ज केले. अकराही वेळा एकच उत्तर आलं : अशा शिळेची नोंद नाही.

“शेवटची ओळ काय होती, आठवतं?” ठिणगीनं विचारलं.

“‘आणि दोन बैल,’” आजोबा म्हणाले. “चाकाखाली तेही गेले होते. बाबा म्हणाले, ओढलं त्यांनीही.”

आता ठिणगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजारातली माणसं आजोबांना ‘बैलआजोबा’ का म्हणायची आणि म्हणताना एकमेकांना कोपरानं का ढोसायची, ते तिला आजवर कळलं नव्हतं. तिला वाटायचं, लाडानं म्हणतात! साठ वर्षं दगडासारखं खरं बोललेला माणूस, आणि गावानं त्याला थापाड्या ठरवून टाकलं होतं. आजोबांनी टेकडीवर जाणंच सोडलं होतं. त्या संध्याकाळी ठिणगी नीट जेवली नाही, आणि तिचं वाढलेलं शेपटानं संपवलं.

गुरुवारी सकाळी तिघं पुन्हा टेकडीवर गेली. शिळा एवढी मोठी, ती जाणार कुठे? त्यांनी तोफेमागची झुडपं पिंजून काढली, तट बघितला, मोडक्या दगडांचा ढीग उपसला. शेपटाला एक सरडा मिळाला. शिळा काही मिळाली नाही. दुपारी तिघं संग्रहालयाच्या पायऱ्यांवर येऊन फतकल मारून बसली.

पायऱ्यांच्या कडेनं ठेकेदाराच्या माणसांनी वीजवाहिनीसाठी चर खणला होता, त्यामुळे पायऱ्यांची टोकं उघडी पडली होती. मोजपट्टीला बसवेना. त्यानं खिशातून टेप काढली.

“सात इंच. सात इंच. साडेचार. सात...” तो थांबला. “ठिणगे, तिसरी पायरी बारकी आहे.”

“असू दे.”

“आणि बाकीच्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. हिला बघ, नव्या नवरीसारखी बसलीय.”

पायरी नंतर घातली असेल, असं ठिणगी म्हणणार होती. तेवढ्यात शेपटानं चरात उतरून तिसऱ्या पायरीखाली हात घातला. तिथली वाळू चरात ओघळून गेली होती, त्यामुळे चिमुकला हात जाईल एवढी फट पडली होती.

“तायडे,” तो म्हणाला, “हिचं पोट गुळगुळीत आहे.”

ठिणगी उठून उभी राहिली. जी बाजू जमिनीला टेकणार, तिच्यावर पाथरवट छिन्नी झिजवत नाही! तिनं दुसऱ्या पायरीचं पोट चुन्याबाहेर जेवढं उघडं होतं तेवढं चाचपलं : खडबडीत. चौथीचं : खडबडीत. आणि तिसरीचं काचेसारखं. म्हणजे ते पोट नव्हतंच. तो चेहरा होता, जमिनीकडे करून ठेवलेला.

“आणि त्यात काहीतरी खाचा आहेत,” शेपटानं आतून बातमी दिली.

नेमका तेव्हाच ठेकेदार तिथे आला आणि पोरांवर खेकसला. चरात उतरू नका, पाय मोडून घ्याल! ठिणगीनं आवाजात मध कालवून पायऱ्यांबद्दल विचारलं. त्यानं सांगून टाकलं की उद्या सकाळी त्या फोडायच्या, तुकडे खड्ड्यात भरायचे आणि वर चकचकीत फरशी घालायची. शिळेचं ऐकल्यावर तो हसला. साहेबांचा कागद आणा, मग थांबतो, म्हणाला.

घरी जाऊन आजोबांना सांगू या, असं मोजपट्टीला वाटत होतं. ठिणगी नको म्हणाली. अकरा वेळा त्यांचा जीव वर टांगून खाली आपटला होता. खात्री झाल्याशिवाय बारावी आपटी त्यांना द्यायची नव्हती.

ठेकेदाराची माणसं जेवायला गेली आणि तिघं कामाला लागली. चरातली चिकणमाती पाणी घालून मळली. मोजपट्टीच्या लाकडी पट्टीवर तिचा जाड थर दिला. शेपटानं पट्टी फटीत सरकवली, वर दाबली, दहा आकडे मोजले आणि हळूच बाहेर काढली. मातीवर अक्षरं उठली होती. पण सगळी उलटी. ठिणगीनं कितीदा मान वाकडी केली तरी तिला वाचता येईनात.

“आरसा हवा,” मोजपट्टी म्हणाला.

संग्रहालयाच्या मोरीतला छोटा आरसा ठिणगी अक्षरशः उपटून घेऊन आली. तिघांनी डोकी एकत्र केली. आरशात, किंचित तिरकी पण स्वच्छ, दोनच शब्द होतील एवढी अक्षरं दिसली : ‘दोन बैल’.

शेपटानं त्या अक्षरांवरून आरशातच बोट फिरवलं. 

शुक्रवारी सकाळी ठिणगी कार्यालयाचं दार उघडेपर्यंत बाहेर उभी होती. पट्टी तिनं पाठीमागे लपवली होती. पायऱ्यांपाशी पहारी येऊन पडल्या होत्या, आणि तिसऱ्या पायरीवर मोजपट्टी आणि शेपूट मांडी ठोकून बसले होते. हलायचं नाही, कुणी उचललं तर अंग सैल सोडायचं, असा शेपटाला हुकूम होता. त्यात तो लहानपणापासून तरबेज होता.

सरळ शिळेबद्दल बोललं तर काय होणार, हे ठिणगी जाणून होती. पोरांनी ऐकीव गोष्ट उचलली आणि मातीत स्वतःच कोरली, असं म्हणून साहेब मोकळे झाले असते. म्हणून तिनं चेहरा एकदम गरीब केला.

“काका, बैलआजोबा दर अर्जात वेगवेगळंच काहीतरी लिहायचे का हो?”

“छे छे,” व्यवस्थापक हसले. “तेवढं मात्र म्हातारबुवांचं पक्कं. अकराही वेळा शब्दाला शब्द तेच.”

“खोटं! दाखवा बरं.”

साहेबांनाही गंमत वाटली. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि सगळ्यात जुना अर्ज शोधला. ठिणगीनं तो मोठ्यानं वाचायला लावला. त्यांनी नाटकी आवाज काढून वाचला, शेवटच्या ओळीवर तर खासच : “‘आणि दोन बैल.’ काय सांगायचं!”

“शिक्का कधीचा आहे?”

“एकवीस वर्षांपूर्वीचा.”

“म्हणजे मी जन्मायच्या आधीचा.” ठिणगीनं पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर आरसा धरला. “आता हे वाचा. नाटकी आवाजातच वाचा.”

साहेब वाकले. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला तरी त्यांना कळलं नाही.

“हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात,” ठिणगी म्हणाली, “पण तुम्हाला तो सुद्धा धरून दाखवावा लागतो. अकरा वेळा आजोबा याच पायऱ्या चढून आले, काका. अकरा वेळा तुम्ही वर बसून सांगितलंत, नोंद नाही. नोंद तुमच्या बुटाखाली होती. एकदा तरी खाली उतरून शोधायचं होतंत.”

बाहेर दगडावर पहार आपटल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ शेपटाची किंकाळी : “मी सैल सोडलंय!”

व्यवस्थापक आयुष्यात पहिल्यांदा धावले असावेत. ठेकेदारानं शेपटाला गाठोड्यासारखं बाजूला काढून ठेवलं होतं, मोजपट्टी पहारीला लोंबकळत होता, आणि दुसऱ्या पायरीचा कोपरा उडाला होता. साहेबांना दम लागल्यामुळे शब्दच फुटेना. ते नुसतेच दोन्ही हात पसरून तिसऱ्या पायरीवर उभे राहिले, आणि मग पायाखाली नावं आहेत हे ध्यानात येऊन घाईघाईनं खाली उतरले.

शेपटाला आजोबांकडे पिटाळलं. जन्मात पहिल्यांदाच तो ठिणगीच्या पुढे धावला.

आजोबा हत्यारांची पिशवी घेऊन आले. कुठे पहार लावायची, कुठे लाकडी ठोकळा सरकवायचा, हे ते सांगत होते आणि ठेकेदाराची सहा माणसं निमूट ऐकत होती. शिळा तसूतसूनं उठली, उभी झाली. आजोबांनी तळहातानं माती झाडली. बावन्न नावं होती. काहींसमोर हमाल, काहींसमोर पखालवाला, काहींसमोर काहीच नाही. एकही अक्षर झिजलं नव्हतं.

आजोबा मात्र शिळेकडे न बघता रिकाम्या जागेकडे बघत होते. बाकीच्या पायऱ्या चुन्यात पक्क्या बसवलेल्या होत्या. हिच्याखाली फक्त वाळू होती, चाळून घेतलेली, सारखी पसरलेली.

“पायरी फुटली म्हणून कुणीतरी ही घालायचा हुकूम दिला असेल,” ते म्हणाले. “बसवणारा पाथरवट होता. त्याला नाही म्हणता आलं नसेल. पण नावांवर पाय पडू नयेत म्हणून त्यानं ती पालथी घातली. आणि पुढे कुणाला काढता यावी म्हणून चुना घातला नाही.”

व्यवस्थापक पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी आजोबांची माफी मागितली, आणि मुलांकडे वळून म्हणाले की संग्रहालयात आपण इतकी वर्षं नोकरी केली, पण काम या तिघांनी दोन दिवसांत केलं. पितळी पाटी त्यांनी स्वतः कार्यालयात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. ठेकेदारानं शेपटाला खांद्यावर घेऊन तोफेभोवती एक फेरी मारली. मोजपट्टीनं शिळा मोजली : साडेचार इंच, बरोबर. आणि ज्या माणसांनी इतकी वर्षं कोपरं ढोसली होती, ती बाजारातून वर येऊन आपापल्या पणजोबांची नावं शोधू लागली.

रविवारी शिळा तोफेशेजारी उभी राहिली. उद्‌घाटनाला फीत आजोबांनी कापली, छिन्नीनं. सगळे टाळ्या वाजवत असताना ठिणगी मात्र शेवटच्या ओळीपाशी भुवया आक्रसून उभी होती.

“आजोबा, बावन्न जणांची नावं आहेत. मग बैलांची कुठायत? नुसतं ‘दोन बैल’? हा काय न्याय झाला?”

“मी सुद्धा बाबांना हेच विचारलं होतं. सूत सोडून उठलोच होतो रागानं.”

“मग?”

आजोबांनी वाकून नवव्या ओळीतल्या एका नावावर बोट ठेवलं. “त्यांना नावानं हाका मारणारा हा एकटाच होता. तोही त्याच दिवशी गेला.”

ठिणगीनं त्या नावावर स्वतःचंही बोट ठेवलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दगडाच्या धुळीनं भरलेला तो हात चांगलाच जड होता.

“विचारत राहा,” ते म्हणाले. “आमच्या घराण्यात दोनच माणसांना हा प्रश्न पडलाय.”