चौथ्या पाण्यानंतर

"ओ मॅडम, कुंपण आमचं आहे!"

पद्मजा दचकली. हातातली अबईची वाळकी शेंग खुळखुळली. मांजर्लीत नदीकाठच्या त्या कुंपणावर वीतभर लांब शेंगा लोंबत होत्या आणि रानटी कडधान्यांवर पीएचडी करणाऱ्या पद्मजाला राहवलं नव्हतं.

"मी... संशोधनासाठी..."

"चोरी म्हटलं का मी?" तो हसला. "वरच्या जास्त पिकल्यात. थांबा, काढून देतो."

तो सुजित. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. त्याची आई सगुणाबाई बाजारात रानभाज्या विकायची. मग दर रविवारी तो शेंगा काढून ठेवू लागला आणि पद्मजा चार वर्षांच्या रिद्धीचं बोट धरून त्या न्यायला येऊ लागली. शेंगा पिशवीभर, गप्पा तासभर!

रिद्धीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून धास्तीपोटी लेकीचा प्रत्येक घास पद्मजा आधी स्वतः चाखायची. परक्या घरचं तर पाणीसुद्धा नाही.

सुजितने हे पाहिलं होतं. तरीही एकदा म्हणालाच, "पुढच्या रविवारी दोघी जेवायला या. आई अबईची उसळ करते. मग मला एक विचारायचंय."

"आत्ताच विचारा की."

"उपाशीपोटी नाही विचारत. आणि रिद्धी आमच्याकडे जेवली, की उत्तर मला कळेलच."

पद्मजाचे कान तापले. घाईघाईने ती म्हणाली, "कच्ची अबई विषारी असते, माहितेय ना?"

"म्हणून तर आई चार पाणी काढते. उकडायचं, पाणी ओतून द्यायचं. चारदा."

पद्मजाने कपाळावर हात मारला आणि सांगून टाकलं. सहा महिने ती कच्च्या दाण्यांतली अँटिऑक्सिडंट्स मोजत होती... जे कुणी खातच नाही!

"एवढ्या शिकलात," सुजित खो खो हसला, "एकदा आईला तरी विचारायचंत!"

जाताना त्याने तिच्या हातात डबा ठेवला. चौथं पाणी काढलेले दाणे.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती अँटिऑक्सिडंट्स मोजायचं जांभळं द्रावण घेऊन बसली. कच्च्या दाण्यांचा अर्क पडला की ते झटकन पिवळं व्हायचं, इतका त्यांच्यात जोर. उकडलेल्यांचा घातला – जांभळं ते जांभळंच. विषाबरोबर गुणही वाहून गेला? सगळं ओतून झाल्यावर मागे काहीच उरत नाही?

ती हलली नाही. अर्ध्या तासाने जांभळा रंग फिकटला... आणि मग हलकेच पिवळी झाक आली.

तिने फोन लावला. "सुजित, उरतं रे!"

"काय?"

"चार पाणी काढल्यावरही. थोडं कमी. वेळ लागतो फक्त."

"मॅडम... हे दाण्यांबद्दलच चाललंय ना?"

"रविवारी सांगते."

रविवारी सगुणाबाईंनी तीन ताटं मांडली. आधी रिद्धीला वाढलं – वाफाळती उसळ, तांदळाची भाकरी. सवयीने पद्मजाचा हात रिद्धीच्या ताटाकडे गेला... आणि तिथूनच मागे आला. रिद्धीने पहिला घास स्वतःच घेतला. गाल फुगवून चावला.

"आजी, अजून!"

सगुणाबाई हसत डाव घेऊन आल्या. सुजित पद्मजाकडे बघतच राहिला.

"आता विचारू?"

पद्मजाने आपलं रिकामं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आधी वाढ. उपाशीपोटी विचारणार नव्हतास ना?"