गप्पांत सापडलेली चूक

तिने टेबलाखालची केबल ओढली, तर पलीकडून कुणीतरी ती परत ओढून घेतली. तिने पुन्हा ओढली... पुन्हा तेच.

"सोडा हो, तुटेल," कपाटामागून आवाज आला. "आधीच सगळे माझ्या वायरवर टपलेत."

मागून एक तरुण धूळ झटकत बाहेर आला. रागवायचं त्याच्या मनात होतं, पण तिला पाहिल्यावर ते काही धड जमेना. अँब्युलन्सच्या या कॉल सेंटरमधली सगळी केबल त्याने एकट्याने टाकली होती. त्याचं पहिलं मोठं काम. आणि ती ड्रायव्हर लिहिणारी, म्हणजे नेटवर्क कार्ड आणि कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, यांची बोलणी करून देणारा प्रोग्राम तिचा.

"ड्रायव्हर?" फोनवर बसणाऱ्या ताईंनी कान टवकारले. "मग गाडी कुठंय?"

"गाडी नाही ताई, मी ड्रायव्हर लिहिते."

"बरंय. आमचे तर ऐन वेळी चहाला जातात."

तेव्हापासून वायरवाला तिला ड्रायव्हरबाई म्हणू लागला आणि ती खोटं खोटं रागावू लागली.

दुखणं मात्र खरं होतं. दुपारी कॉल कमी झाले की ताईंच्या मशीनचं नेटवर्क मरायचं. मग ताईंना एकेका गाडीला फोन लावत बसावं लागे. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा ठणठणीत, आणि कुणी तपासायला बसलं तर बिघाड औषधालाही सापडायचा नाही. मुख्य डॉक्टरीणबाईंनी शेवटी दोन दिवसांची मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही, तर सगळी वायर उपटायची आणि काम दुसऱ्याला द्यायचं. इतक्या लवकर काम हातचं गेलं, तर त्याला पुन्हा कोण दारात उभं करणार होतं? तिच्या कंपनीने तिला ड्रायव्हर निर्दोष आहे एवढंच सांगायला धाडलं होतं, आणि तिलाही त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

तिने लॅपटॉपवरून पिंग सुरू केलं. दर सेकंदाला मशीनला विचारायचं, आहेस का? मशीन म्हणायचं, आहे. तो प्रत्येक जोड टेस्टरने तपासत फिरला. दीड दिवस गेला. वायर स्वच्छ निघाली आणि ड्रायव्हरही शहाण्यासारखा वागला.

दुसऱ्या दुपारी दोघं थकून जमिनीवरच बसले. केबलींवरचे गुलाबी ठिपके कसले, तिने सहज विचारलं. तो लाजला. स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागत नाही, म्हणून खुणेसाठी बहिणीचं नेलपॉलिश लावलं होतं. बाटली संपवल्यापासून बहीण अबोला धरून बसली होती. हे ऐकून ड्रायव्हरबाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तो बघत राहिला — ती हसायची थांबली तरी बघत राहिला. मग ती काहीतरी सांगू लागली, ते अर्ध्यावरच विसरली, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

"गेलं," ताई म्हणाल्या. "परत गेलं बघा."

तिने वळून पाहिलं. चार्जर लावायचा राहिला होता आणि लॅपटॉप केव्हाच बंद पडला होता. म्हणजे पिंगही बंद! पाच मिनिटं कुणी काही विचारलं नाही की कार्ड झोपतं, हे तिनेच ठरवलेलं. दीड दिवस ते दोघंच पिंग करून कार्डाला दर सेकंदाला हाका मारून जागं ठेवत होते.

तिने कोड उघडला. कार्ड झोपताना कर्नलला हाक देणारी त्याची घंटी बंद करायची आणि उठल्यावर पुन्हा चालू करायची. बंद करायची ओळ होती, चालू करायची राहून गेली होती. कार्ड उठायचं, निरोपही घ्यायचं, पण कर्नलला हाक ऐकूच जायची नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता. "वायरच ना?"

तिने नुसती मान डोलावली असती, तर खरं कुणाला कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंसमोरही तिने तेच खणखणीत सांगितलं. ओळ लिहिली, ड्रायव्हर नव्याने चढवला, लॅपटॉप मिटला. सात मिनिटं खोलीत कुणी हललं नाही. मग ताईंनी गाडीला निरोप धाडला, आणि त्याच क्षणी गाडीचं उत्तर पडद्यावर आलं! दर वेळी तेवढंच थांबून तीनदा केलं, तिन्हीदा आलं. ताईंनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या इमारतीची वायरही तूच टाक, डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, आणि तिला रिपोर्ट लिहायला बसवून गेल्या.

तो मागे येऊन उभा राहिला. "कारण कसं सापडलं, ते काय लिहिलंस?"

तो 'तू' म्हणाल्याचं तिला कळलं. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. 'तपासणाऱ्या व्यक्तीचं लक्ष दुसरीकडे होतं.'

"दुसरीकडे म्हणजे...?"

"तुझ्याकडे," ती म्हणाली. आज खरं बोलायची तिला चटकच लागली होती.

तो वाकला, कीबोर्ड ओढून घेतला आणि एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं : 'दुसऱ्या टोकालाही हाच बिघाड आढळला. दुरुस्त करू नये.'