रंबुटानवरचं मचाण

दिवा राहू दे मालवलेला. कॉरिडॉरचा उजेड येतोय तेवढा पुरे. आर्यन, फोन उलटा ठेव. आणि श्रिया, भीती वाटली म्हणून मधेच "स्टॉप लाह" म्हणायचं नाही, पद्माकरकाका अर्ध्यावर थांबत नाही. आणि ही काही रचलेली गोष्ट नव्हे. ज्याच्यावर बेतली तो निमिष माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस.

साल २००६. निमिष पुण्याहून इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करायला आलेला. यिशुनला फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये जोडीला प्रबोध. प्रबोध बँकेत, वयाने मोठा, इथे चांगला मुरलेला. इडली कुठे बरी मिळते इथपासून पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायचा, अर्ज कसा भरायचा इथपर्यंत सगळं त्यानेच निमिषला शिकवलं. निमिष त्याला दादा म्हणायचा, आणि नुसता म्हणायचा नाही, मानायचा. आईवडील लहानपणीच गेलेलं पोर ते. कुणी "जेवलास का रे?" विचारलं तरी त्याच्यावर जीव टाकायचं.

त्याला वाढवलं गोविंदमामाने. मामा वनरक्षक. मातीतला खूर बघून सांबर कधी गेलं, चरत गेलं की बिचकून पळालं, ही विद्या मामाची. मरायच्या आधी मामा एवढंच म्हणाला होता, "माग दाखवायचा तो बघणाऱ्याला. मारणाऱ्याला नाही."

तर एके दिवशी प्रबोध म्हणाला, "निम्या, लिम चू कांगकडे, शहराबाहेर, माझ्या ओळखीच्याची एक पडीक बाग आहे. रंबुटान, दुरियन अशी फळझाडं आणि मागे रान. हरणं येतात म्हणे. बघ तुझी विद्या इथे चालते का. झकास फोटो काढू."

पोरगं हरखलं. मग दर रविवारी दोघं तिथे. निमिषने बागेचा कोपरान् कोपरा पायाखाली घातला. ओहोळाच्या काठी खूर सापडले, मोठे, आणि शेजारी चिमुकले. सांबराची मादी आणि तिचं पाडस. राख उडवून वारा कुठून वाहतो ते पाहिलं, आणि जनावराला आपला वास जाणार नाही अशा बाजूला, एका रंबुटानवर मचाण बांधलं. समोर मिठाचा मोठा खडा अर्धा पुरला, चाटायला. वाटेवरचा पाचोळा झाडून काढला, पाय वाजू नये म्हणून. एका खोडाला आपोआप फोटो घेणारा कॅमेरा बांधला. हळूहळू मादी मिठाला यायला लागली. निमिष त्या मायलेकरांचे फोटो असे दाखवायचा की जणू बहीण आणि भाचा!

प्रबोधने एकच काम स्वतःच्या हाताने केलं. झाडाखालून थेट मिठापर्यंत मधल्या सगळ्या फांद्या छाटल्या. सरळ, अरुंद, बोगद्यासारखी वाट. "फोटोच्या आड येतात," म्हणाला. निमिषने मान डोलावली. कॅमेरा भलतीकडेच बांधलाय, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण एकदा माणसावर विश्वास टाकला की डोळे उघडे असूनही काही दिसत नाही.

तारीख पक्की आहे. शुक्रवार, २२ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या. प्रबोध कामासाठी हाँगकाँगला गेला होता, म्हणजे तसं सांगून गेला होता. निमिष संध्याकाळी निघाला. काम साधंच, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणायचं. निघताना शेजारच्या सुलेखावहिनींनी हातात डबा दिला. खीर, वडे, भात आणि केळीच्या पानाचा तुकडा.

"इथे खिडकीत पान ठेवलं की खालचे तक्रार करतात, आणि कावळा काही फिरकत नाही," वहिनी म्हणाल्या. "तू रानात चाललायस तर मामांच्या नावाने घास ठेव. पण उजेडी ठेव हं. आणि ठेवलास की वळून बघायचं नाही. सरळ घरी यायचं."

"आणि तो टर्न करून बघतो, इज इट?" श्रियाने विचारलंच.

नुसतं बघितलं असतं तर बरं होतं गं.

बस चुकली. पोचेपर्यंत अंधार पडला. निमिषने मिठाशेजारी पान मांडलं, हात जोडले, मामाचं नाव घेतलं. आणि घरी मोठी माणसं म्हणतात ते ओघात म्हणून गेला, "ज्यांचं कोणी नाही, त्यांनीही घ्यावं." परक्या रानात. अमावास्येच्या रात्री. इथवरही निभावलं असतं. पण आज मादी येते का बघू, म्हणून हा मचाणावर चढून बसला. पान वाढायचं आणि कोण जेवायला येतं ते बघत बसायचं... असं करत नाहीत रे.

बराच वेळ काही नाही. डास. रातकिडे.

मग गाडीचं दार वाजलं. बॅटरीचा उजेड हलत आला. तिघं होते. झाडाखाली येऊन थांबले. त्यातला एक आवाज ओळखीचा.

प्रबोध. हाँगकाँगला गेलेला.

एका पाहुण्याच्या हातात क्रॉसबो होता, चाप ओढला की बाण सुटतो तो. प्रबोध दबक्या आवाजात सांगत होता, "लडके ने सब तैयार किया है. नमक, रास्ता, मचान, सब. उसको लगता है फोटो के लिए है. भोला है बेचारा."

तिघं हसले.

 तो बोगदा कशासाठी होता ते निमिषला आत्ता कळलं. ज्याला दादा म्हटलं, त्याने मामाची विद्या मारणाऱ्यांच्या हातात दिली होती. आणि वर हसत होता. रडू आलं, संताप आला, स्वतःची लाज वाटली, सगळं एकदम.

खाली बॅटरी विझली.

डोळे अंधाराला सरावले तशी समोर मादी दिसली. मागे पाडस.

एक हाक पुरे होती. दोघं पळाली असती. निमिषने तोंड उघडलं...

मचाणाची फळी वाकली.

शेजारी कोणीतरी बसलं होतं.

मान वळेना. ओल्या मातीचा वास. मग एक हात आला. मागून. तोंडावर. गार... घट्ट...

आणि मिठाकडून हाक आली.

"दादा..."

आवाज निमिषचा.

"दादा, इकडे ये..."

रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. प्रबोधलाही माहीत होतं. पण चोरी पकडली गेलेला माणूस आधी ओ देतो.

"ओ! निम्या? अरे, ऐक माझं..."

तो पुढे धावला. त्याच बोगद्यातून. सरळ.

मादी उधळली. पाहुण्याला नुसती हालचाल दिसली.

चाप वाजला.

...

प्रबोध वाचला. बाण मांडीत घुसला होता. पाहुण्यांनी त्याला उचलून नेलं. पुढे पोलीस, खटला, सगळं झालं, तो भाग निराळा. निमिषच्या तोंडावरचा हात निघाला तेव्हा उजाडत होतं.

रविवारी तो हॉस्पिटलात गेला, जाब विचारायला. पण त्याने तोंड उघडायच्या आधीच प्रबोध रडायला लागला.

"मी खोटं बोललो. मान्य. पण तू? त्यांच्या हातात काय आहे ते तुला माहीत होतं. तरी मला पुढे बोलावलंस? दादा म्हणून?"

"मी हाक मारलीच नाही," निमिष म्हणाला.

"तुझा आवाज मला कळत नाही?" एवढं बोलून प्रबोधने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर ते दोघं कधी बोलले नाहीत. प्रबोध भारतात परत गेला. "निमिषने माझा घात केला," असं अजून सांगत असतो. आणि निमिषला ते अजून लागतं. फसवलं त्याला, आणि दगाबाज ठरला तोच.

"मे बी त्याने रिअलीच हाक मारली असेल, अंकल," आर्यन म्हणाला. "ही वॉज सो अँग्री, व्हॉट."

खरं सांगू? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा निमिष तापाने पडला आणि मी त्याच्याकडे राहिलो. एरवी तो रोज पहाटे दाढी घोटून करतो. त्या आजारात पहिल्यांदाच वाढलेली पाहिली. उजव्या गालावर चार पट्टे, डाव्यावर एक. तेवढ्या जागेत दाढी उगवतच नाही. त्याला झोप लागली तेव्हा मी माझा पंजा त्यावर धरून पाहिला.

"मग?" श्रियाचा आवाज बारीक झाला होता.

माझी बोटं गालावरच संपली. ते पट्टे कानामागे गेले होते.