हरलेल्यांची खुर्ची

"जी हरली, तिला खुर्ची कशाला?" ओक्रूकाकांनी तिन्ही डोळे विस्फारून विचारलं.

नूपुर घोरपडेलाही तेच कळत नव्हतं. चंद्रावरच्या शशीनगर शाळेत विद्यार्थी-सभेची निवडणूक झाली आणि तिचा अंकुर पक्ष अकरा मतांनी आपटला. जिंकला रेहान मुकादमचा झेप पक्ष. आज पहिल्याच बैठकीत तिला रेहानच्या समोरच्या खुर्चीत बसायचं होतं. चेहरा एवढासा झाला होता तिचा.

"मी नाही जात. हसं कोण करून घेणार?" ती म्हणाली.

ओक्रूकाका तिल्ला ग्रहावरचे पाहुणे. दोन दिवसांत मुलांनी त्यांना काका करून टाकलं होतं. "आमच्याकडे एकपक्षीय पद्धत (एकाच पक्षाला सत्तेची परवानगी)," ते म्हणाले. "प्रतिनिधी (लोकांच्या वतीने बोलणारे) आम्हीही निवडतो, पण सगळे त्याच पक्षाचे. निर्णय झटपट! शंभर वर्षं लागणारा कालवा आखला, तरी मधेच कोणी मोडता घालत नाही."

"आमची बहुपक्षीय," नूपुर म्हणाली. "कोणीही पक्ष काढावा, मतं मागावीत. जिंकेल तो कारभार करतो. हरलेला होतो विरोधी पक्ष (सत्तेत नसलेला, पण सभेत प्रश्न विचारणारा). गोंधळ फार होतो हो काका! सहलीचा दिवस ठरवायलाच तीन आठवडे लागले."

"मग फायदा काय?" काकांनी विचारलं.

"चल, बघूच," म्हणत काका तिला बैठकीला घेऊन गेले.

रेहानने ठराव मांडला : हरितगृहातल्या (काचेखालच्या शेतातल्या) चाळीसही वाफ्यांत फक्त बटाटे लावायचे. टाळ्यांचा कडकडाट झाला. बटाटे कोणाला नको असतात? नूपुरलाही हवेच होते. तरी ती उभी राहिली.

"बटाट्यावर रोग पडला तर? पृथ्वीवरून यान तीन महिन्यांनी येतं. तोवर वस्तीनं खायचं काय?"

"हरली म्हणून जळतेय!" मागून कोणीतरी ओरडलं. नूपुरचे डोळे भरून आले. पण खुर्ची तिची होती, आणि तिथून आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागे. रेहानने वाफे सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला तपासणी करायला सांगितलं.

थोड्या वेळाने यंत्रमानव बोलला, "पाचव्या वाफ्यातल्या बटाट्यावर करपा (पानं काळी पाडणारा रोग) आहे. शेजारी पालक आणि वाटाणा आहे, म्हणून पसरला नाही."

रेहान उठला. "ठराव मागे घेतो. नूपुर, शाब्बास! अशीच टोकत जा. आणि ती खुर्ची नीट ठेव, पुढच्या वर्षी कदाचित मलाच लागेल."

सगळे हसले. नूपुर सगळ्यांत मोठ्यांदा हसली.

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "आमच्या कालव्याला पडलेली भेग माझ्या भावाला दिसली होती. पण प्रश्न विचारणं हे आमच्याकडे कोणाचं कामच नाही. विचारला तर पद जातं. तो बोलला नाही, आणि दोन गावं वाहून गेली."

नूपुरने त्यांचा हात धरला. आपण हरलो याची आता तिला जराही लाज वाटत नव्हती.

निरोपाच्या दिवशी मुलांनी काकांना चांद्रदगड दिले, सूर्यशक्तीवर पळणारी गाडी दिली. काकांनी सगळं प्रेमाने घेतलं. मग खिशातून टेप काढून ते सभागृहात गेले आणि नूपुरच्या खुर्चीचं माप घेऊ लागले. पाठ, पाय, हात, सगळं वहीत लिहिलं.

"घरी गेलो की पहिल्यांदा सुताराला गाठणार," ते म्हणाले.

नूपुरची मान अभिमानाने ताठ झाली. टेपचं दुसरं टोक तिने घट्ट धरून ठेवलं.