हरतालिकेची भाकर

हरतालिकेच्या दिवशी गावातल्या सगळ्या पोरी पाण्याचा थेंबसुद्धा न घेता महादेव पूजत होत्या, आणि मी गवारीच्या वाफ्याआड बसून चोरून भाकर खात होते. वरून भादव्याची भुरभुर चालली होती. चौथा घास तोंडात होता, तेवढ्यात गवार बाजूला झाली आणि एक उंच, सावळा, भिजलेला पोरगा माझ्याकडे टकमक बघत उभा राहिला.

"आज भाकर खाऊन राह्यली?" तो म्हणाला. "काहून व?"

मी घास गिळला. शरमेपेक्षा मला रागच जास्त आला.

"भूक लागली म्हून. तुमी कोन विचारनारे?"

तो शेजारच्या मळ्यातल्या रामकिसनकाकांचा भाचा निघाला. नाव इंद्रभान, गाव धनज. मामाची मोट हाकायला चार महिने आला होता आणि सुटलेलं वासरू शोधत आमच्या गवारीत शिरला होता. कोणाला सांगू नका, असं मी त्याला बजावलं. त्याने विचार केल्यासारखं केलं... मग हात पुढे करून म्हणाला, "अर्धी मले दे. चोरी दोघांची झाली की कोनी सांगत नाई."

मी दिली. काय करणार?

ते साल एकोणीसशे अडतीस. मला एकोणिसावं सरत आलं होतं. शिरपूरच्या माळ्याची पोरगी इतकी वर्षं बिनलग्नाची का राहते, याची चर्चा गावभर होती, आणि खरं कारण फक्त घरच्यांना ठाऊक होतं. मला मिरगी, म्हणजे फेफरं, यायची. तेराव्या वर्षापासून. वाशीमच्या डॉक्टरांनी पुड्या दिल्या होत्या, आणि पुड्यांबरोबर कायदे. सकाळी आणि दिवेलागणीला पुडी चुकवायची नाही. वेळेवर जेवायचं, उपास नाही, जागरण नाही. विहिरीच्या काठावर एकटीने जायचं नाही. चुलीशी एकटीने बसायचं नाही. न्हाणीचं दार लोटायचं, पण आतून कडी घालायची नाही. माय, म्हणजे जिजाबाई, या कायद्यांची फौजदार होती. पाळले की मी महिनोन्‌महिने धडधाकट. आदल्या वर्षी मावशीच्या आग्रहाने हरतालिका धरली, रात्रभर जागले, आणि पहाटे माजघरात पडले. मावशीने तोंड बंद ठेवलं, हे नशीब.

इंद्रभानला मात्र गप्प बसणं माहीत नव्हतं. त्या माणसाला प्रश्नांची खाज होती. मेथीच्या जुड्या बांधताना बांधापलीकडून तो रोज एक प्रश्न टाकायचा. मळ्यात राहून तू विहिरीवर काहून येत नाहीस? देवळात भजन रंगात आलं की तुझी माय तुला उठवून घरी का नेते? मी रोज नवं उत्तर द्यायचे. कधी विहिरीतल्या साती आसरा मला बोलावतात, कधी टाळ ऐकून माझे दात दुखतात.

"काल तं भूत म्हणत होती," तो हसून म्हणायचा.

"काल भूत होतं. आज गेलं."

मग तो माझ्याकडे बघत राहायचा आणि मी जुडीला दुसरी गाठ मारायचे, पहिली मारली हे विसरून. खरं सांगते, तो विचारायचा थांबला असता तर मला करमलं नसतं. आणि विचारत राहिला तर एक दिवस खऱ्या उत्तरापाशी पोचणार, हेही ठाऊक होतं.

दिवाळी सरली आणि तो म्हणाला, "माह्यी माय आली की तिले तुमच्या घरी आनू का?"

एवढ्या प्रश्नांत हाच एक असा होता, ज्याला खोटं उत्तर देववेना. मी खाली बघूनच सांगितलं, "मले मिरगी येते."

पहिल्यांदाच त्याला प्रश्न सुचला नाही. तो वळला आणि बांधावरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बांधापलीकडे कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही.

मला रडू आवरेना. पण आमच्या घरात रडण्यालाही वेळापत्रक होतं. काय रडायचं ते दिवेलागणीच्या आत उरकावं लागे, कारण मग पुडी, जेवण आणि झोप. जेवणार नाही म्हटलं तर माय ताट घेऊन समोर बसली. तिने काही विचारलं नाही, फक्त एवढंच म्हणाली, "रुसाचं तं जेवून रूस." मी जेवले आणि रुसले.

पाचव्या दिवशी तो आला, वहाणा धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"वाशीमले गेलतो," म्हणाला. "दोनदा. पयल्यांदा डाक्टर भेटलेच नाई. दुसऱ्यांदा भेटले, तं मीनं इतकं विचारलं की ते कावले."

"काय विचारलं?"

"तू पडली तं म्या काय कराचं." तो बोटं मोडत राहिला. "चप्पल हुंगवाची नाई. तोंडात काही कोंबाचं नाई. कुशीवर वळवाचं, अन् सुद येईपर्यंत जवळ बसून राहाचं. म्या म्हटलं, एवढंच? बसून राहाचं तं मले जमते... जलमभर जमते."

मी मेथीत तोंड खुपसलं. हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

त्याची आई सोजरबाई पुढच्या आठवड्यात आली. आडव्या बांध्याची, नाकात ठसठशीत नथ, आणि नजर अशी की भाजीतली अळी दुरून दिसावी. माय मला आत ओढून म्हणाली, आत्ता काही बोलू नको, लग्न झाल्यावर हळूहळू सांगता येईल. मी मान डोलावली.

सोजरबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आमच्या घरी हरताळकेचा कडक उपास असते, रातभर जागनं असते. धरते नं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. इंद्रभान दाराशी उभा होता; आईला त्याने आधी काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या सांगण्याची गोष्ट त्याने मलाच सांगू दिली. तेव्हा मला तो सगळ्यात जास्त आवडला.

"नाई धरत," मी म्हटलं. "मले मिरगी येते. उपाशी राह्यली, जागली, तं पडते मी. बाकी सारं काम करते."

मायने पदर तोंडाला लावला. सोजरबाईंचा अडकित्ता थांबला. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. किती दिवसांनी येते? पुडी कधी घेते? पाणी कोण भरते? अंग धुताना बाहेर कोण बसते? एकामागून एक, श्वास न घेता. इंद्रभानला ही खोड कुठून लागली, ते मला तिथेच समजलं. मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली.

शेवटी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"माह्या नंदेले होती," त्या म्हणाल्या. "लपवून लगन केलं तिचं. सासरी कोनाले ठावं नोतं. नवी नवरी पाण्याले धाडली, ते विहिरीतच गेली. सतरा वर्साची होती. कोनी सांगतलं असतं, तं तिले विहिरीवर कायले धाडलं असतं?"

सोजरबाईंनी नथ सारखी केली, डोळे पुसले आणि माझ्या बाबांकडे वळल्या.

"मुहूर्त सकाळचा काढा," त्या म्हणाल्या. "अन् पोरीले जेवू घालूनच उभी करा. लोकं हासतीन, तं हासू द्या."