हातचं पाणी

सोजराबाई बसल्याच नाहीत. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "माझ्या भावाला त्याच्या बायकोनं मारलं. पोलीस म्हनत्यात पुरावा द्या. तो तुमी शोधा."

लालमहंमद एकेकाळचे पोलीस जमादार. नोकरी सुटल्यावर दापोडीत खासगी तपासाची कामं घेत. बबनराव त्यांचे जोडीदार. मन मोठं, डोकं जरा सावकाश चालणारं.

"सोपान कंपनीत फोरमन," बाई सांगू लागल्या. "आई गेल्यावर मीच वाढवला त्याला. मी रांडमुंड, त्याच्याच शेजारच्या खोलीत ऱ्हाते. ही नीला आली आन् मी परकी झाले! आजारपनात त्याला अळनी जेवन, पानीसुदिक मोजून. माझ्या हातचं पानी त्याला गोड लागायचं, सायेब! 'अक्का, जीव थंडावला,' म्हनायचा. परवा सकाळी गेला हो!"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पांढऱ्या पदरावर तपकिरी डाग होते.

"चहा सांडला वाटतं," बबनराव हळहळले.

दोघांची लँब्रेटा स्कूटर थेट सोपानच्या चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेली.

"विषबिष काही नाही," डॉक्टर वैतागून म्हणाले. "मूत्रपिंडं म्हणजे पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढ्या दोन गाळण्या. रक्तातली घाण आणि जादा क्षार लघवीवाटे काढतात. या गृहस्थानं रात्रपाळीत वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या पुड्या खाल्ल्या. गाळण्या बाद! अंगाला सूज, मळमळ. त्यात पोटॅशियम हा क्षार साठला की हृदय बंद पडतं. हृदयाच्या शेवटच्या आलेखात तेच दिसलं. म्हणून तर फळं, रस, शहाळं, सगळं बंद केलं होतं मी."

सोपानच्या घरी नीला कोरड्या डोळ्यांनी बसली होती. "उद्या पोलीस मला चौकशीला न्यायला येणारेत. वन्संनी गल्लीभर सांगितलंय, मी विष घातलं. डॉक्टरांचं पथ्य मी त्यांना एकेक करून सांगितलं होतं. म्हणाल्या, तू मला शिकवू नको."

"भावाबहिणीचं बरं होतं?" लालमहंमदांनी विचारलं.

"रोज सकाळी हे आधी अक्काकडे जायचे. खोटं कशाला बोलू? जळायची मी."

बाहेर येताच बबनरावांनी टाळी मागितली. "सापडली! स्वतः कबूल केलं राव!"

"जळणारी एकटीच आहे का, बबनराव?"

दोघींना लालमहंमदांनी सोजराबाईंच्या खोलीत समोरासमोर बसवलं.

"बाई, तुमच्या हातचं पाणी गोड लागायचं म्हणालात. आम्ही ती माया समजलो. पण ते खरंच गोड होतं. शहाळ्याचं."

बाईंचा हात पदराकडे गेला.

"तो डाग चहाचा नाही. आमची बायको रत्नागिरीची. शहाळ्याचं पाणी कापडावर सांडलं की डाग धुतल्यावर जास्तच उठतो, हे तिनं मला दहादा ऐकवलंय. नीला शहाळं घरात येऊ देईना. म्हणून तिच्या दारावरून येताना तुम्ही तांब्या पदराखाली झाकून आणायचा आणि सोपानराव आले की इथं पाजायचा. त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकायला गाळण्याच उरल्या नव्हत्या."

"आजाऱ्याला शहाळं समदेच देत्यात!" बाई ओरडल्या.

"नीलानं सांगितलं नव्हतं?"

बाईंनी पदराचा डाग मुठीत धरला.

"सांगितलं व्हतं. डाक्टरनं सांगितलं असतं तर ऐकलं असतं. तिनं सांगितलं म्हनूनच पाजलं. वाटलं, माझ्या हातचं तोडायला बघती..."

त्या भिंतीला टेकल्या. नीलाला संताप आला होता. तरी ती उठली, माठातलं पाणी घेऊन आली.

"घ्या. साधंच आहे."

सोजराबाईंनी पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.